एक स्टार नेमका कुणाचा, हे आधी तपासा

प्रति,
ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या कंपन्यांचे विक्रेता धोरण विभाग, ग्राहक अभिप्राय विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी

विषय: ग्राहकांचे अभिप्राय मोजण्याची आणि त्यावरून विक्रेत्यांवर कारवाई करण्याची पद्धत

महोदय,

आम्ही नागपुरातले लहान ऑनलाइन विक्रेते आहोत. इतवारीतून सावजी मसाला आणि भिवापुरी मिरची, गांधीबागेतून कापड, विणकरांकडून आणलेल्या टसर रेशमाच्या साड्या, उन्हाळा लागला की कूलरचे पंप आणि वाळ्याच्या ताट्या, पोळ्याच्या तोंडावर लाकडी बैल, असा माल आम्ही तुमच्या ॲपवरून देशभर पाठवतो. गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघतं, चार प्रश्न विचारतं आणि मग ठरवतं. तुमच्या पडद्यावर ते फक्त आमच्या नावापुढचे स्टार बघतं. ते कसे मोजले जातात यावर आमचं दुकान चालू राहणार की नाही हे ठरतं, म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. जी चूक विक्रेत्याच्या हातून झालेली नाही, तिचे गुण विक्रेत्याच्या खात्यातून कापू नका. चूक कुणाची हे ठरवायला लागणारी बहुतेक नोंद तुमच्या सर्व्हरवर आधीच पडलेली असते. आज ती कुणी उघडून बघत नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो: वाईट अभिप्राय काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. मसाल्यात किडे निघाले, साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, पंपाची वायर उघडी होती, तर ग्राहकाने एक स्टार द्यावा, फोटो टाकावा आणि तो सगळ्यांना दिसावा. खोक्यात 'पाच स्टार द्या आणि पैसे मिळवा' अशी चिठ्ठी टाकणारे विक्रेते आहेत, त्यांच्यावर तुम्ही कारवाई करा, आम्ही पाठीशी आहोत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं मुळातच मना आहे. विकत घेतलेला स्तुतीचा अभिप्राय आणि चुकीच्या माथी मारलेला एक स्टार, दोन्हींनी पुढच्या ग्राहकाची सारखीच फसवणूक होते.

आता तपशील.

ग्राहकाला तुम्ही एकच प्रश्न विचारता: किती स्टार? त्या एका आकड्यात तो वस्तू कशी आहे, पेटी कशी आली, कुरिअरवाला कसा बोलला, पार्सल कधी पोचलं आणि रिफंडला किती दिवस लागले, हे सगळं कोंबतो. पाचांपैकी तीन गोष्टी विक्रेत्याच्या हातात नसतात. कुरिअर तुम्ही नेमता, पोचण्याची तारीख तुमचं सॉफ्टवेअर काढतं, रिफंड तुमच्या खात्यातून जातो. 'माल चांगला आहे, पण चार दिवस उशिरा आला' असं लिहून एक स्टार दिलेला असतो आणि तो वस्तूच्या पानावर कायमचा चिकटतो.

तान्ह्या पोळ्याचं उदाहरण घ्या, कारण नागपूरबाहेरच्या अधिकाऱ्यांना हा सण कदाचित माहीत नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं सजवलेले, चाकं लावलेले लाकडी बैल घेऊन निघतात. पुण्या-मुंबईत, बंगळुरात राहणारी विदर्भातली कुटुंबं हे बैल हल्ली ऑनलाइन मागवतात. बैल त्या दिवसाच्या आधी पोचला तरच उपयोगाचा, दुसऱ्या दिवशी तो नुसता लाकडाचा तुकडा. पोचण्याची तारीख पडद्यावर तुम्ही दाखवता, ती पाहून ग्राहक पैसे भरतो. आम्ही माल वेळेत पॅक करतो, मॅनिफेस्ट, म्हणजे त्या खेपेतल्या पार्सलांची यादी, काढतो, पिकअपला आलेला मुलगा त्यावर सही करतो. गाडी भरलेली असली की तो दारात प्रत्येक पार्सल स्कॅन करत बसत नाही. गठ्ठा उचलतो आणि स्कॅन हबवर, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं जमा होणाऱ्या केंद्रात, होतो, कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी. तुमच्या पॅनलवर त्या पार्सलपुढे 'विक्रेत्याने उशिरा पाठवलं' असा शेरा येतो. बैल सणानंतर पोचतो, ग्राहक चिडून एक स्टार देतो. एकाच उशिरासाठी आमच्या खात्यावर दोन डाग पडतात आणि दोन्ही आमचे नसतात.

उपाय अवघड नाही. पिकअपच्या मुलाच्या मोबाइलवर दारातच गठ्ठ्याचा एक स्कॅन सक्तीचा करा. मॅनिफेस्टला एक क्यूआर कोड द्या, तो स्कॅन झाला की त्यातली सगळी पार्सलं विक्रेत्याच्या हातून सुटली असं धरा. त्या क्षणानंतरच्या उशिराचा एकही गुण विक्रेत्याकडून कापू नका. आणि तारखेला महत्त्व असलेला माल, म्हणजे राखी, पोळ्याचे बैल, दिवाळीचे आकाशकंदील, यात पोचण्याची तारीख चुकली तर अभिप्रायाच्या पानावर 'हे पार्सल वाहतुकीत उशिरा पोचलं' अशी ओळ आपोआप छापा. ही माहिती तुमच्याकडे मिनिटासकट असते.

याच बैलाच्या पॅकिंगचीही एक अडचण आहे. बैलाचं पहिलं काय मोडतं, तर शिंगं. ती वाचवायची तर प्रत्येक शिंगाला वेगळं गुंडाळून, चारही बाजूंनी दोन इंच मोकळी जागा ठेवून, त्यात कागद दाबून, पाच पदरी पुठ्ठ्याची पेटी वापरावी लागते. पण भाडं आकारमानावर लागतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हा वाहतुकीतला सर्रास वापरला जाणारा हिशेब. ३० बाय २५ बाय ३० ची पेटी म्हणजे ४.५ किलो, आत बैल दोन किलोचा असला तरी. म्हणजे जो विक्रेता नीट पॅक करतो तो जास्त भाडं भरतो, आणि तरीही हबवर पेटी वरून पडली तर 'पॅकिंग खराब' हा शेरा त्याच्याच खात्यावर. पेटीच्या कोपऱ्याचा पिकअपच्या वेळचा एक फोटो आणि डिलिव्हरीच्या वेळचा एक फोटो, एवढ्यावर हा वाद मिटतो. हाताळणीच्या ठिकाणी कॅमेरा धरण्याची सोय तुमच्या लोकांच्या मोबाइलमध्ये आहेच.

यापेक्षा मोठा घोळ परतीच्या कारणाचा आहे, आणि यावर आम्ही जरा थांबून बोलणार आहोत, कारण निम्मे खोटे दोष इथे जन्माला येतात असं आमचं ठाम मत आहे.

ग्राहकाला वस्तू परत करायची असली की ॲप त्याला यादीतून कारण निवडायला लावतं: मत बदललं, माप बसलं नाही, वस्तू खराब, वेगळीच वस्तू आली, चालत नाही. बऱ्याच प्रकारच्या मालात 'मत बदललं' निवडलं की परतीचा रस्ता बंद होतो किंवा भाडं ग्राहकाच्या माथी येतं. 'वस्तू खराब' निवडलं की रस्ता मोकळा आणि फुकट. ग्राहक लबाड असतो असं आम्ही म्हणत नाही. त्याला परत करायचं असतं आणि फॉर्मने एकच दार उघडं ठेवलेलं असतं, तो त्यातून जातो. पण यादीत केलेल्या त्या एका खुणेने, त्या टीकने, आमच्याकडे चार गोष्टी घडतात. परतीचं भाडं आमच्याकडून कापलं जातं. वस्तूच्या दर्जाचा गुण खाली येतो. 'खराब' परतींचं प्रमाण वाढलं म्हणून लिस्टिंग, म्हणजे ॲपवरचं वस्तूचं पान, शोधात मागे जाते किंवा थांबवली जाते. आणि त्याच पडद्यावर पुढे अभिप्राय मागितला जातो तेव्हा ग्राहक आपल्या आधीच्या उत्तराशी जुळेल असाच लिहितो, कारण 'खराब' म्हटलेल्या वस्तूला चार स्टार देणं त्यालाही विचित्र वाटतं.

टसरच्या साडीत हे कसं होतं ते पाहा. करवती काठाची साडी तीन धोट्यांनी, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या तीन साधनांनी, विणतात. दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि काठ-अंग जिथे एकमेकांत गुंततात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते. टसरचा धागा कोशातून येतो, म्हणून त्याची जाडी मुळातच कमी-जास्त असते, मध्येच बारीक गाठ येते. नैसर्गिक रंगही एका खेपेत मधासारखा तर दुसऱ्या खेपेत जरा फिका. फोटो दिवसाच्या उजेडात काढलेला, ग्राहक पेटी उघडतो पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. त्याला साडी फिकी वाटते, गाठी दिसतात. मनातून त्याला फक्त बदलून हवी असते, यादीत तो 'खराब' निवडतो. आता विणकराच्या चांगल्या मालावर दोषाचा शिक्का बसला. गाठी आणि रंगातला फरक आम्ही वर्णनात लिहिलेला असतो, पण मोबाइलवर तो 'आणखी पाहा' दाबल्याशिवाय दिसत नाही आणि ते दाबायला कुणाला वेळ नसतो. हातमागाच्या मालासाठी ही एक ओळ किमतीच्या लगेच खाली दाखवण्याची जागा द्या. तेवढ्यानेच परती कमी होतील, तुमचाही वाहतुकीचा खर्च वाचेल.

परतीच्या यादीत 'आवडलं नाही, परत करायचंय' हा खरा पर्याय ठेवा आणि त्याचं ठरावीक, माफक भाडं आधीच दाखवा. 'खराब' आणि 'चालत नाही' निवडणाऱ्याकडून दोन फोटो मागा: एक पूर्ण वस्तूचा, एक दोषाचा. आणि वस्तू परत येऊन तपासली जाईपर्यंत तो दोष आमच्या दर्जाच्या हिशेबात धरू नका. रिफंड थांबवा असं आम्ही म्हणत नाही. ग्राहकाला पैसे लगेच द्या, फक्त दोषाचा शिक्का तपासणीनंतर मारा.

तपासणी काय असते, हे कूलरच्या पंपावरून समजेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कूलर हा घरातला सगळ्यात गरजेचा जिन्नस असतो, आणि पंप बंद पडला की ग्राहकाचा संताप आम्हाला समजतो. घरगुती कूलरचा नेहमीचा बुडता पंप १८ वॅटचा, साधारण सहा फुटांपर्यंत पाणी चढवणारा. तो मोठ्या, उंच डक्ट कूलरला लावला की वरच्या नळीत पाणी पोचत नाही आणि अभिप्राय येतो, 'पंप कमजोर आहे'. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे कोरडा चालवणं. या पंपाची मोटर पाण्यानेच थंड राहते. टाकीत पाणी नसताना बटण दाबलं आणि विसरलं तर गुंडाळी तापून जळते. तिसरं कारण ताटीचे तंतू: नव्या ताटीतून सुटलेला भुसा पंपाच्या जाळीत अडकतो, पाणी आत येत नाही, पुन्हा तेच. चौथं बोअरच्या जड पाण्याचं: पंपाच्या आतल्या छोट्या पंख्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो अडकतो.

परत आलेला पंप उघडला की यातलं काय झालं ते दोन मिनिटांत दिसतं. जाळी काढा, पंख्याचं झाकण फिरवून उघडा, चुंबकी गाभा बाहेर ओढा. पांढरा थर असेल तर पंप बराच वापरलेला आहे. तंतू गुंतले असतील तर जाळी तुंबली होती. प्लास्टिक वितळल्यासारखं वाटत असेल आणि जळका वास येत असेल तर तो बहुधा कोरडा चालला. सगळं स्वच्छ असून वीज दिल्यावर गाभा फिरत नसेल, तर दोष कारखान्यातला, तो आमच्या खात्यावर लिहा, आम्ही मान्य करू. आज तुमच्या परतीच्या केंद्रात हा पंप कुणी उघडत नाही. 'चालत नाही' ही ग्राहकाची टीक हाच निकाल.

त्याऐवजी 'चालत नाही' निवडल्यावर ॲपने दोन प्रश्न विचारावेत: पंप पाण्यात पूर्ण बुडालेला होता का, आणि कूलरची उंची किती? अर्धे ग्राहक तिथेच टाकी भरून पंप पुन्हा चालवून बघतील. आमच्यातले बरेच जण पेटीत मराठी आणि हिंदीत छापलेली चिठ्ठी घालतात, 'आधी पाणी, मग बटण'. तुम्ही ती सूचना डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये घातलीत तर तिचा उपयोग कितीतरी जास्त होईल. आणि अभिप्राय डिलिव्हरीच्या दिवशी मागू नका. अजून न उघडलेल्या पेटीबद्दल ग्राहक काय सांगणार? मसाला, मिठाईसाठी आठवडा, पंपासारख्या वस्तूसाठी निदान पंधरा दिवस जाऊ द्या.

सावजी मसाल्याला 'फार तिखट' म्हणून एक स्टार मिळतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. ते ग्राहकाचं मत आहे, ते दिसलं पाहिजे, पुढच्याला उपयोगी पडेल. फक्त चवीचं मत आणि मालातला दोष यांची बेरीज एकाच रकान्यात करू नका.

आकड्यांचा अन्याय वेगळाच आहे आणि तो लहान विक्रेत्यावरच होतो. समजा एखाद्या विक्रेत्याला २० जणांनी गुण दिले आहेत, सरासरी ४.३. एक एक-स्टार आला की सरासरी ४.१४ होते. ती पुन्हा ४.३ वर न्यायला आणखी पाच जणांनी पाच स्टार द्यावे लागतात. पंचवीस ग्राहकांत एक जण गुण देतो असं धरलं तर ते १२५ ऑर्डरींचं काम झालं. ज्याच्याकडे २००० जणांचे गुण आहेत त्याची ४.३ सरासरी त्याच एका स्टारने ४.२९८ होते आणि पडद्यावर ४.३ च दिसते. म्हणजे एकच चिडका ग्राहक मोठ्याला जाणवतही नाही आणि लहानाला महिनाभर शोधाच्या मागच्या पानावर ढकलतो.

काही बाजारपेठांत सदोष ऑर्डरींचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्याची अट असते आणि त्यात एक-दोन स्टारचे अभिप्राय धरले जातात. मोजणीच्या मुदतीत ८० ऑर्डरी असतील तर एकच तक्रार १.२५ टक्के होते. शंभराच्या आत ऑर्डरी असलेल्या प्रत्येक विक्रेत्यासाठी 'एक टक्का' म्हणजे शून्य, एकही वाईट अभिप्राय चालणार नाही. धोरण लिहिताना हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं आम्ही धरतो, पण आता लक्षात आणून दिलं आहे. शंभर ऑर्डरी पूर्ण होईपर्यंत टक्केवारीवरून खातं थांबवू नका. त्याखाली असलेल्यांसाठी वेगवेगळ्या तीन ग्राहकांच्या, तपासून खऱ्या ठरलेल्या तक्रारी हा निकष ठेवा.

सरासरीसाठीही साधा उपाय आहे. प्रत्येक विक्रेत्याच्या गुणांत त्याच्या मालाच्या वर्गाच्या सरासरीचे ठरावीक गुण मिसळा. वर्गाची सरासरी ४.१ असेल आणि असे ३० गुण मिसळले, तर वरच्या उदाहरणातला विक्रेता एक-स्टारच्या आधी ४.१८ वर आणि नंतर ४.१२ वर असेल. घसरण ०.१६ ऐवजी ०.०६. आणि ज्याने ओळखीच्या पाच जणांकडून पाच-पाच स्टार मिळवले, तो ५.० वर न चढता ४.२३ वर राहील. लहान विक्रेता वाचतो आणि बनावट स्तुतीचाही भाव उतरतो. यात विक्रेत्यांची बाजू घेतलेली नाही, हे तुमच्या गणितज्ञांना विचारून खात्री करून घ्या.

लॅचिंगबद्दल थोडक्यात. आम्ही स्वतः फोटो काढून, वर्णन लिहून लिस्टिंग उभी करतो. दुसरा कुणी त्याच लिस्टिंगवर आपला स्वस्त, हलका माल चिकटवतो. त्याच्या मालाचे एक-स्टार आमच्या वस्तूच्या पानावर जमा होतात, तो आठवड्यात निघून जातो, डाग राहतो. प्रत्येक अभिप्रायासोबत तो कोणत्या विक्रेत्याच्या ऑर्डरीचा आहे ही नोंद तुमच्याकडे असते. ती ग्राहकाला दाखवा आणि निघून गेलेल्या विक्रेत्याचे अभिप्राय त्याच्याबरोबर जाऊ द्या.

धमकीच्या अभिप्रायाबद्दल मात्र नरमाई नको. 'अर्धे पैसे परत द्या, नाहीतर एक स्टार टाकतो' असे मेसेज तुमच्याच चॅटमध्ये येतात. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारपेठेच्या धोरणात अशा अडवणुकीला स्पष्ट मनाई आहे. तुमच्या नियमांतही ती हवी, आणि चॅटमध्ये तसा मजकूर सापडला की त्या ऑर्डरीचा अभिप्राय मोजणीतून बाद व्हायला हवा. पुरावा आम्ही आणायची गरज नाही, तो तुमच्याकडेच आहे.

मग ग्राहकांनाही गुण द्यायचा हक्क आम्हाला हवा का? नको. ईबेवर पूर्वी विक्रेतेही खरेदीदाराला वाईट गुण देऊ शकत होते. बदला म्हणून दिलेल्या गुणांच्या भीतीने ग्राहक खरं बोलेनासे झाले, म्हणून २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा तो हक्क काढला. तो निर्णय बरोबर होता. आम्हाला हवा आहे तो उत्तराचा हक्क: प्रत्येक अभिप्रायाखाली पाचशे अक्षरांत आमचं उत्तर, फोन नंबर किंवा आमिष न देता. आमचं उत्तर आलं, वस्तू बदलून दिली, की ग्राहकाला एक मेसेज जावा: तुमचा अभिप्राय बदलायचा असेल तर इथे दाबा. बदलायचा की नाही हे त्याच्यावर.

आणि अपील. आज आम्ही तिकीट, म्हणजे सहायता केंद्राकडे तक्रार, टाकतो तेव्हा काय होतं ते तुमच्या सहायता केंद्रात बसून एक दिवस बघा. पहिलं उत्तर यंत्राचं: 'हा अभिप्राय आमच्या धोरणाचं उल्लंघन करत नाही.' कोणतं धोरण, कोणतं कलम, काय तपासलं, काही नाही. तिकीट बंद. पुन्हा उघडलं तर तेच वाक्य. परतीत दुसराच माल आला तर त्याच्या भरपाईच्या क्लेमसाठी आमच्याकडून मात्र एका सलग व्हिडिओची अपेक्षा असते: न उघडलेली पेटी सहाही बाजूंनी, लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर वाचता येईल असा, मग कापणं, मग आतली वस्तू, मध्ये एकही कट नाही. आम्ही ते करतो. टेबलावर वरून मोबाइल टांगलेला असतो, प्रत्येक पॅकिंगचा आणि प्रत्येक परतीचा व्हिडिओ साठवलेला असतो. तरी 'व्हिडिओ अस्पष्ट' म्हणून क्लेम नामंजूर होतो, किती सेकंदाला काय अस्पष्ट हे न सांगता. एका बाजूला ग्राहकाची एक टीक पुरते आणि दुसऱ्या बाजूला पाच मिनिटांचा व्हिडिओही पुरत नाही. पुराव्याचं वजन दोन्हीकडे सारखं असावं एवढंच आमचं म्हणणं आहे.

सरकारी कागदपत्रांत यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच लिहिलेल्या आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ई-कॉमर्सच्या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुण आणि अभिप्रायांची पद्धत पारदर्शक ठेवावी, फक्त खरोखर खरेदी केलेल्यांचेच अभिप्राय छापावेत आणि बनावट अभिप्राय रोखण्याची व्यवस्था करावी, असं बाजारपेठांना सांगितलं आहे. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत शोधात वस्तू किंवा विक्रेते वर-खाली कशावरून लागतात ते मुख्य निकष सोप्या भाषेत सांगण्याची अट आहे. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि छापावेत कसे यासाठीच आहे. अभिप्राय लिहिणाऱ्याची ओळख पटवणं, विकत घेतलेले अभिप्राय न छापणं हे सगळं त्यात आलं आहे. ते ऐच्छिक म्हणून आलं. ऐच्छिक आहे म्हणून पाळायचं नाही असं थोडंच आहे?

जुलै २०२० च्या त्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याची मुदत आहे. चांगली गोष्ट आहे. विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र असं घड्याळ नाही. युरोपीय संघात १२ जुलै २०२० पासून लागू असलेल्या २०१९/११५० या नियमावलीत बाजारपेठेला विक्रेत्याची सेवा मर्यादित किंवा बंद करताना त्याला लेखी कारण द्यावं लागतं, पूर्ण बंद करायची तर साधारणपणे तीस दिवस आधी सांगावं लागतं, अटी बदलताना किमान पंधरा दिवस द्यावे लागतात आणि मोठ्या बाजारपेठांना आतली तक्रार व्यवस्था मोफत चालवावी लागते. तुमच्यातल्या ज्या कंपन्या तिथेही व्यवसाय करतात, त्यांना हे करता येतं हे उघड आहे. तेच इतवारीतल्या विक्रेत्यासाठी करायला कायद्याची वाट कशाला बघायची?

अपिलासाठी आम्हाला हवं ते असं. ४८ तासांत पोच, सात दिवसांत निर्णय. निर्णय माणसाने घेतलेला, त्यात कलमाचा उल्लेख आणि तपासलेल्या नोंदींची यादी. अपील चालू असताना अभिप्राय ग्राहकांना दिसू द्या, पण खात्याच्या गुणांत धरू नका. मराठीत लिहिलेला अभिप्राय मराठी वाचता येणाऱ्याने तपासावा. आणि खातं थांबवायची वेळ आलीच तर अडकलेली रक्कम आणि गोदामातला माल यांचं काय होणार हे त्याच पत्रात लिहा.

कूलरचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. सगळं एकदम होणार नाही हे आम्ही जाणतो, म्हणून त्याआधी दोन गोष्टी सुरू करा. पहिली, एका प्रश्नाचे तीन प्रश्न: वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का, पेटी शाबूत आली का, वेळेत पोचली का. पहिल्याचा गुण आमच्या खात्यावर, दुसऱ्याचा फोटो तपासून, तिसऱ्याचा कुरिअरच्या खात्यावर. दुसरी, तपासणीआधी 'खराब'चा शिक्का न मारणं. बाकीच्यासाठी वेळापत्रक जाहीर करा.

या पत्राला उत्तर लेखी द्या आणि ते तुमच्या विक्रेता पॅनलवर सगळ्यांना दिसेल असं लावा. तुमचे धोरण ठरवणारे लोक नागपुरात येणार असतील तर बैठकीला आम्ही तयार आहोत. येताना आम्ही सह्या असलेले मॅनिफेस्ट आणि त्याच पार्सलांच्या हबवरच्या स्कॅनच्या वेळा, 'चालत नाही' म्हणून परत आलेले पंप आणि ते उघडायचा स्क्रूड्रायव्हर, नामंजूर झालेल्या क्लेमचे मूळ व्हिडिओ आणि तिकिटांवर आलेली उत्तरं घेऊन येऊ. तुमच्याकडून त्याच ऑर्डरींच्या तुमच्या सर्व्हरवरच्या नोंदी आणा. समोरासमोर ठेवून एकेक ऑर्डर पाहू.

आपले,
नागपुरातील लहान ऑनलाइन विक्रेते